दुकानात गातो, जीपमध्ये मुका

बाबारावांनी अ‍ॅम्प्लिफायरचा डबा काउंटरवर आदळला, आणि दुकान विकून केळीची गाडी लावावी असा विचार नागोरावांच्या मनात त्या आठवड्यात पुन्हा एकदा आला.

बेला गावात रेडिओ-टेप दुरुस्तीचं त्यांचं एकट्याचंच दुकान. वरातीत गाणी वाजवायला बाबारावांनी नागपूरहून हा डबा आणला होता, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नागोरावांनीच तो बाबारावांच्या जीपमध्ये बसवला होता. तेव्हापासून एकच रड. दुकानात डबा मस्त वाजायचा. जीपमध्ये गेला की आवाज वाढवताच गप्प. नागोरावांनी आतला टाका न टाका उकलून पुन्हा जोडला, फ्यूज बदलले, नारळही बोलून झाला. डबा कशालाच भीक घालत नव्हता.

"तुमी यातला असली माल काढला अन् डुप्लिकेट भरला," बाबाराव दारातल्या गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले. "उद्या माझ्या पुतणीची वरात हाय. हे वाजलं नाई, तर चौकात उभा राहून सांगतो, नागोराव चोर हाय म्हणून."

नागोरावांच्या कानात कढत तेल पडल्यागत झालं. जन्मात त्यांनी कुणाचा एक स्क्रू लपवला नव्हता.

कोपऱ्यात चहा पीत बसलेले यशवंतराव उठले. पोलिसांच्या वायरलेस खात्यातून निवृत्त झाल्यावर ते लोकांच्या खासगी चौकशा करत, चोरीच्या बैलापासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत. नागोराव त्यांच्या सायकलवर डबलसीट बसून जात आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

यशवंतरावांनी बाबारावांकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. मग डब्याला बॅटरीच्या दोन वायरी थेट लावल्या. डबा ठणठणीत वाजला. त्यांनी फळीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, तेव्हा त्यांची बोटं लाल झाली.

"पुसू नोका, भाऊजी," नागोरावांच्या पत्नी रेणुकाबाई आतून म्हणाल्या. "खंडेनवमीचा शेंदूर हाय. पूजेचं पुसत नसतात."

यशवंतरावांनी निमूटपणे बोटं धोतराला पुसली आणि दोघं जीपकडे निघाले.

ड्रायव्हर रामाजी आधीच वैतागला होता. त्यानं टेप लावला. हळू आवाजात गाणं छान चाललं. आवाज वाढवला की बंद, कमी केला की पुन्हा सुरू. हॉर्न आणि दिवे मात्र ठीक होते. वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत जावी म्हणून डब्याची काळी वायर सीटखाली एका बोल्टनं जीपच्या पत्र्याला जोडली होती.

"म्या पाना लावला नाई. मालकानं बजावलंय," रामाजी म्हणाला. "बंद पडलं की ही काळी वायर जराशी हलवतो, बस."

त्याची बोटं तांबडी झाली होती. गंज, असं म्हणून नागोरावांनी लक्ष दिलं नाही. यशवंतरावांनी मात्र वाकून बोल्ट न्याहाळला. त्यावर पान्याची ताजी खूण नव्हती.

नागोरावांचा संशय तोवर बॅंडवाल्या भिवाजीवर बसला होता. जीपच्या गाण्यांनी भिवाजीच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या, आणि जीपभोवती तो घुटमळताना दिसला होता. भिवाजीनं ते कबूलही केलं. त्याला असलाच डबा घ्यायचा होता म्हणून तो बघत होता, आणि घेतलाही होता. यशवंतरावांनी तो मागून आणून जीपमध्ये जोडला. तोही आवाज वाढवताच गप्प.

"झालं, आता तर काहीच कळत नाई," नागोराव मटकन फूटबोर्डवर बसले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं.

"मले आता सारं कळलं," यशवंतराव म्हणाले.

संध्याकाळी जीप दुकानासमोर उभी राहिली. बाबाराव, रामाजी आणि भिवाजी जमले होते. यशवंतरावांनी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला लावलं आणि दुसरं डब्याच्या काळ्या वायरीला टेकवलं. पूर्ण आवाजात गाणं दणाणलं. तुकडा उचलताच गप्प.

"डब्यातला माल बदलला असता तर दुकानातही मुका राह्यला असता," ते म्हणाले. "भिवाजीचा डबाही इथं मुका झाला, म्हणजे दोष जीपमध्ये. दिवे-हॉर्न चांगले, म्हणजे बॅटरी चांगली. उरला हा बोल्ट. त्यावर पान्याची ताजी खूण नाई, म्हणजे बसवल्यापासून कोणी खोलला नाई. जे आत गेलं ते बसवतानाच गेलं. अन् रामाजीच्या बोटाला गंज नव्हता, शेंदूर होता. तसाच मले सकाळी दुकानातल्या स्क्रूड्रायव्हरवर लागला."

त्यांनी बोल्ट सोडवला. वायसरच्या चकतीखाली, वायरीच्या कडीला, पत्र्याच्या भोकाभोवती शेंदराचा तेलकट थर होता.

"खंडेनवमीला घरातल्या साऱ्या लोखंडाची पूजा झाली. पकडी, पाने, अन् दुसऱ्या दिवशी बसवायचे बोल्ट-वायसरही पाटावर होते. पूजेचं पुसत नसतात, म्हणून तसेच बसले. या थरातून थोडी वीज जाते, हळू गाणं वाजते. जास्त मागितली की अडते."

नागोरावांना सगळं एकदम दिसलं आणि लाजेनं मान खाली गेली. स्वतःच्याच हातांनी त्यांनी स्वतःला इतके दिवस छळलं होतं.

"शेंदूर मीच लावला," ते म्हणाले. "चोर नाई मी, बाबाराव. पण चूक माझीच."

"खोटं काऊन बोलता?" रेणुकाबाई दारात आल्या. "शेंदूर म्या लावला. तुमी तर जेवून घोरत होते."

"पण बसवला मी. पुसायचं काम माझं होतं."

यशवंतरावांनी पॉलिश पेपर पुढे केला, तर कुणीच हात लावीना. देवाचा शेंदूर खरवडायचा कुणी? शेवटी नागोरावांनी तो बोल्ट होता तिथंच बसवला, वीतभर अंतरावर नवं भोक पाडलं आणि पत्रा घासून चकचकीत केला. डबा वाजला. बाबाराव जीपमध्ये बसून निघून गेले. चोर म्हटलेलं मात्र त्यांनी मागं घेतलं नाही, आणि तो शब्द नागोरावांना रात्रभर सलत राहिला.

दुसऱ्या दिवशी वरात वाजतगाजत चौकात आली. भर चौकात, भर आवाजात गाणं अचानक थांबलं.

नागोराव दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी डब्याला आणि स्वतःच्या नशिबाला एक शिवी हासडली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि गर्दीत घुसले. तेवढ्यात जीपच्या स्पीकरमधून बाबारावांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. गाणं त्यांनीच थांबवून डब्याला माइक लावला होता.

"काल मी नागोरावाले चोर म्हणलं," ते म्हणाले. "तो चोर नाई. चूक माझी झाली, साऱ्या गावानं ऐकावं."

नागोराव जिथल्या तिथं उभे राहिले. त्यांना कुणाकडं बघावं कळेना, आणि डोळे भरून आले.