सातवी गाठ

ही गोष्ट खरी आहे. मला थापा मारायची सवय आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी ती ताईकडून, म्हणजे माझ्या मावसबहिणीकडून, तीन वेळा ऐकून घेतली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शिवाय ताईला कल्पनाशक्ती अजिबात नाही. वाढदिवसाच्या कार्डावर ती फक्त तारीख लिहिते.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

शनिवार होता. दुपारचे साडेचार. आभाळ भरलेलं, पण सगळं स्वच्छ दिसत होतं.

ताई तेव्हा सोळा वर्षांची. गाईडच्या मुलींचं विभागीय नेतृत्व शिबिर होतं, पाच दिवसांचं. टेकडीवर हॉल. खाली झाडी. झाडीच्या पलीकडे दगडाची बंद पडलेली खाण, काठोकाठ पाण्याने भरलेली. शिबिर घेणाऱ्या बाईंना मुली शिट्टीबाई म्हणत, कारण त्या जेवायलासुद्धा शिट्टी वाजवून बसत.

शेवटच्या दिवशी दोराची परीक्षा असायची. एका लांब दोराला सात गाठी. एकेका गाठीला एकेक मुलगी, डोळ्यांवर स्कार्फ बांधलेला. दोराचं पुढचं टोक नायिकेच्या, म्हणजे सगळ्यांना घेऊन चालणाऱ्या मुलीच्या हातात, आणि तिचे तेवढे डोळे उघडे. खाणीच्या वाटेने, झाडीतून, सगळ्यांना हॉलपर्यंत आणायचं.

नियम एकच. नायिकेने मागे वळून पाहायचं नाही.

दर शंभर पावलांनी 'मोजा' म्हणायचं. मुली एकापासून सातपर्यंत आपापला आकडा सांगणार. त्यावर विश्वास ठेवायचा आणि चालायचं. याला नेतृत्व म्हणतात.

आदल्या वर्षी ताई याच परीक्षेत नापास झाली होती. चौदा वेळा मागे पाहिलं म्हणून. शिट्टीबाईंनी वहीत शेरा मारला होता, 'मान फार फिरते.' घरात तिला वर्षभर टेबलफॅन म्हणत होते. या खेपेला मान मोडली तरी वळवायची नाही, असं ठरवूनच ती आली होती.

सातव्या गाठीला मुंगी होती. ताईच्याच गल्लीतली, आठ वर्षांची, शिबिरात सगळ्यात लहान. तिची आई तिला पाठवायलाच तयार नव्हती. ताईने तिला शब्द दिला होता, 'काकू, नेली तशी आणून देईन.' मुंगी बोबडी होती. तिला 'स' म्हणताच यायचा नाही.

पहिली शंभर पावलं झाली.

ताई म्हणाली, "मोजा."

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...

"थात."

सगळ्या हसल्या. मुंगीसुद्धा.

पुढची शंभर पावलं अगदी खाणीच्या कडेने होती. तिथेही सगळे आकडे आले. मग वाट झाडीत वळली.

आणि दोराला एक हिसका बसला...

एकच. मग दोर हलका झाला. शेवटी कुणी नसल्यासारखा.

दोन पावलं, तीन पावलं... आणि दोर पुन्हा ताणला गेला. आधीपेक्षा जरा जास्तच.

"मोजा."

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...

मग काहीच नाही. पानसुद्धा हललं नाही.

"सात."

स्पष्ट. बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं.

तेवढ्यात मागून, खूप लांबून, खाणीच्या बाजूने, बारीक आवाज आला...

"ताई... थात."

समोर हॉल दिसत होता. पन्नास पावलं राहिली होती. दारात शिट्टीबाई वही उघडून उभ्या होत्या, आणि पेन नेमकं तिच्या मानेकडे रोखलेलं होतं. हातातला दोर घट्ट होता. सगळे आकडे आले होते. नियमाने बघितलं तर कुणीच हरवलं नव्हतं.

"ताई... थात... थात..."

ताई चालत राहिली.

हॉलसमोर स्कार्फ सुटले. ताई वळली. सात गाठी, सात मुली. शेवटच्या गाठीला मुंगी उभी होती. हसत होती. बाकी सहाजणींचे बूट चिखलाने भरले होते. तिचे कोरडे होते.

ताईला बॅज मिळाला. वहीत शेरा आला, 'मान स्थिर.'

मुंगीची आई तर हरखून गेली. दोन वर्षं डॉक्टर करून जे गेलं नव्हतं, ते बोबडं बोलणं पाच दिवसांत गेलं. पोरगी न सांगता अभ्यासाला बसते, ताटात काही टाकत नाही. काकू गल्लीभर सांगत सुटल्या की पोरींना शिबिराला पाठवाच.

ताई शिट्टीबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, आठ गेल्या, आठ आल्या, आता काय नववी हवी आहे का?

मग ती पोलीस चौकीत गेली. हवालदार बिचारा भला होता, त्याने तक्रार लिहायला घेतली.

"हरवलेली मुलगी शेवटची कुठे दिसली?"

"आज सकाळी. घरी. दात घासत होती."

हवालदाराने पेनाला टोपण लावलं आणि ताईला पाणी प्यायला दिलं.

शेवटी ती एकटीच खाणीवर गेली. तिथल्या राखणदाराच्या हातापाया पडून पाण्यात गळ टाकायला लावला. दोन तास. काही लागलं नाही. तो गेल्यावर ताई कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "मोजा."

बराच वेळ काही नाही.

मग खालून... पाण्याच्याही खालून...

"थात."

त्यानंतर दर रविवारी ती जायची. घरी लायब्ररीचं सांगायची. गाठ मारलेला दोर पाण्यात सोडायची. दोर खालून ताणला जायचा. ती जीव खाऊन ओढायची. वर यायची ती नुसती ओली गाठ.

अशी तीन वर्षं गेली.

मागच्या महिन्यात मुंगी ताईकडे आली होती. म्हणजे घरी राहते ती. आता अकरा वर्षांची आहे, पथकाची नायिका झाली आहे, सगळ्यांची लाडकी. काकूंनी डबा परत द्यायला पाठवलं होतं. ताईने डबा घेतला. पोरगी स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळत राहिली. मग अगदी मायेने म्हणाली,

"ताई, रविवारी तिकडे जाऊ नकोस. आता खालून जी 'थात' म्हणते ना, ती मुंगी नाहीये."

एवढं बोलून ती गेली. जाताना दार नीट ओढून घेतलं.

हे सांगताना ताई रडली नाही. मी तिला विचारलं, मग आता बंद केलंस ना जायचं?

"जाते," ताई म्हणाली. "तीच असली तर?"

गेल्या दोन खेपांना दोर फारच जोरात ओढला जातो म्हणे. एकटीला आवरत नाही. म्हणून या रविवारी तिने मला बोलावलंय, मागून धरायला.

मी हो म्हणून बसलोय.