आठ जाकिटं

फ्रेझ्नोतल्या घरी बावीस डिसेंबरच्या रात्री तमाले, म्हणजे मांस भरून पानात उकडलेल्या पानग्या, करायला मक्याची पानं भिजत होती. नेमेसिओ आजोबा नातीला म्हणाले, "येसेनिया, उद्या दुकान बंद करायची पाळी तुझी ना? मग ऐक. एव्हारिस्तो माझा दोस्त होता, दुकान तोच बंद करायचा."

आजोबा सांगू लागले. आमचं दुकान म्हणजे किराण्याचं गोदामच. हॉटेलवाले येतात, घरासाठी घेणारेही येतात. फ्रीझरच्या खोलीबाहेर आठ खुंट्या, त्यांवर दुकानाची आठ निळी जाकिटं. गिऱ्हाइकानं घालून आत जायचं, बाहेर आलं की टांगायचं. रात्री आठला एव्हारिस्तो जाकिटं मोजायचा. आठ भरली की कुलूप.

"आत डोकवायचं नाही?"

"थंडी किती असते, ठाऊक आहे का?"

"आणि आतून दार उघडायची कळ?"

"बर्फानं अडकायची. सांगितलं होतं आम्ही."

"कुणाला?"

आजोबांनी पान पुसलं.

चार वर्षांपूर्वी, तेवीस तारखेला, आठला दहा कमी असताना तमालेवाली क्रिस्पिना डुकराचं मांस घ्यायला आली. गर्दी होती, खुंट्या रिकाम्या. ती नवऱ्याच्या जुन्या तपकिरी कोटातच आत गेली. आठ वाजेपर्यंत सगळी जाकिटं परत टांगलेली. एव्हारिस्तोनं आठ मोजली. कुलूप लावलं.

सकाळी ती दाराशीच बसलेली सापडली. त्याच कोटात पुरली तिला. खांदा मी दिला.

एव्हारिस्तो वर्षभर धड जेवला नाही. पुढच्या वर्षी तीच तारीख. आठला दहा कमी. गिऱ्हाइकं सगळी गेलेली. त्यानं मोजली... सात. पुन्हा मोजली. सात.

"नेमेसिओ, आत कुणीतरी आहे. या वेळी मी तिला बाहेर काढतो."

वर्षात पहिल्यांदा हसला. जाकीट न घालताच आत गेला. मी पुढचं शटर ओढायला गेलो.

परत आलो. दार मिटलेलं. दिवे मालवलेले.

मोजली.

आठ.

"आजोबा... तुम्ही हाक तरी मारलीत?"

पाणी ठिबकत होतं.

"आजोबा."

"आठ होती, पोरी. वाटलं, घरी गेला."

"आणि कुलूप?"

"मीच लावलं."

त्यांनी ओलं पान बाजूला ठेवलं. "सकाळी दिवे लावले तेव्हा दिसलं. दाराआड तो, तिच्यासारखाच बसलेला. खुंट्यांवर निळी सातच होती. आठवा तोच तपकिरी कोट, तिच्यासोबत पुरलेला. बाहीत हात घातला मी..."

"मग?"

"आतून कोमट होती."