कवचाची दोन टोकं

'अरुंधती' यान त्या कोवळ्या ताऱ्याभोवती तीन वर्षं घिरट्या घालत होतं आणि तेवढ्या काळात यानावरच्या खगोलशास्त्रज्ञ वत्सला कानविंदेंनी कप्तान भेंड्यांना एकच धडा शंभरदा शिकवला होता. ताऱ्याभोवतीच्या चकतीतला तप्त वायू ताऱ्यावर सरळ कोसळत नाही. ताऱ्याचं चुंबकक्षेत्र त्याला वाटेत अडवतं आणि बलरेषांवरून घसरवत ध्रुवांजवळ नेऊन ओततं. यानाचं चुंबककवचही तेच करी. म्हणून यानाची दोन्ही टोकं रिकामी ठेवत.

त्या सकाळी चकतीतून मोठा लोंढा सुटला आणि नेमके मोरेश्वर, म्हणजे वत्सलाबाईंचे यजमान, पुढच्या टोकाला दुर्बीण दुरुस्त करताना अडकले. दार जाम झालं होतं.

"नऊ मिनिटं आहेत," भेंडे म्हणाले. "बाई, कवच लावावंच लागेल. यानाच्या पोटात चाळीस माणसं आहेत."

"लावा ना. पण कवचाचा अक्ष पंधरा अंश कलवा. झोत टोकाऐवजी बाजूच्या रिकाम्या टाकीवर पडेल."

"मागचा ध्रुवही कलणार."

"हो, तेवढाच. बियाण्यांच्या कोठारावर येईल." त्यांनी कामवाटपाचा तक्ता पाहिला. कोठारासमोर कुणाचंच नाव नव्हतं, आणि सगळ्यांनी पोटात जमण्याचा भोंगा केव्हाच वाजला होता. "बियाणं जळेल. राहू अर्धपोटी."

कवच लागलं. वायू निळसर उजळत टाकीवर ओतू लागला, दुर्बिणीच्या खोलीला धगही लागली नाही. वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"अहो, ठीक आहात ना?" त्यांनी ध्वनियंत्रात विचारलं.

"ठीक! तुझ्या स्वयंपाकातून वाचलो, याचं काय घेऊन बसलीस?"

वीस मिनिटांनी मोरेश्वरांनी दुर्बिणीच्या दांड्यानं दार उचकटलं आणि घामाघूम होऊन नियंत्रणकक्षात आले. वत्सलाबाई सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडल्या.

"केतकी कुठंय?" मोरेश्वरांनी विचारलं.

"पोटात, सगळ्यांबरोबर."

"नाही गं. भोंगा वाजला तेव्हा ती माझ्या दाराबाहेरच होती. 'बाबा, कटर घेऊन येते' म्हणाली आणि पळाली. बाप अडकल्यावर पोरगी कसला भोंगा ऐकतेय!"

यानात पत्रा कापायचा कटर एकच होता. तो बियाण्यांच्या कोठारात असे.

वत्सलाबाईंनी भेंड्यांकडे पाहिलं. भेंड्यांनी कुणी न सांगताच अक्ष सरळ केला. मग पडद्यावर कोठाराचं तापमान पाहिलं आणि तो पडदा हलकेच बंद केला. आपल्या लेकीला आपण आपल्या तोंडानं, आकडा सांगून जाळलं, एवढंच वत्सलाबाईंना कळत होतं.

मोरेश्वर कपाळ पुसत दाराकडे बघत होते.

"येईलच आता," ते म्हणाले. "मी सुटलो हे तिला कुणी कळवलं का?"