आडवा बर्फ

"आई, हे काम घ्यायलाच हवं होतं का?" जावयाने जिन्यात पुन्हा विचारलं. सासूबाई कठडा धरून पुढची पायरी चढल्या. खासगी गुप्तहेरगिरी करता करता त्यांचे गुडघे कामातून गेले होते, आणि स्वतःची नोकरी सुटल्यापासून जावई त्यांची गाडी चालवत होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई वाटच बघत होत्या. त्यांची विद्यार्थिनी सकाळी पेशी वाढवायची, संध्याकाळी त्याच पेशींचा धंदा कसा करायचा ते शिकायची. दोन्ही मिळून एकच पदवी. तिच्या पेशींच्या गोठवलेल्या दोनच कुप्या उरल्या होत्या. एक उघडली, तर पेशी मेलेल्या. फ्रीझरच्या किल्ल्या तिच्याकडे आणि दाढीवाल्या सहकाऱ्याकडेच. तो तिथे खुडबुड करताना दिसला होता. आज प्रकल्पातून त्याचं नाव काढून टाकायचं ठरत होतं.

दाढीवाला म्हणाला, कुप्या डब्यात आडव्या पडल्या होत्या, मी उभ्या केल्या, इतकंच. "आमच्यात कुपी कुणी आडवी ठेवत नाही हो." बाईंनी नाक मुरडलं.

विद्यार्थिनीचा धंद्याच्या बाजूचा जोडीदार जाहिरातीचा कागद घेऊन आला. त्यावर दोन्ही कुप्यांचा फोटो, लेबलवरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ. ती पाठवते ते आपण छापतो, म्हणाला. विद्यार्थिनी रडून थकली होती. तिने कुणालाच दोष दिला नाही.

सासूबाईंनी उरलेली कुपी बघायला मागितली. बाहेर काढताच ती हिमकणांनी पांढरीफटक झाली. बाईंनी अंगठ्याने पुसली, तरी पुन्हा पांढरी. आतला बर्फ तळाशी नव्हता, एका बाजूला चिकटला होता.

"घ्या, बर्फसुद्धा तिरका," जावई पुटपुटला.

"तेच तर. उभ्या कुपीत बर्फ तळाशी बसतो. ही वितळली आणि आडवी पडून पुन्हा गोठली, पेशी त्यातच मेल्या. म्हणजे दाढीवाला खरं बोलला." सासूबाई खुर्चीत टेकल्या. "आणि गोठलेल्या कुपीचं लेबल वाचता येत नाही, आत्ताच पाहिलंत. फोटोत ते वाचता येतं, म्हणजे तो कुप्या वितळल्यावर काढलेला. फोटो तुझा ना गं, पोरी?"

विद्यार्थिनीने जाहिरातीचा कागद पालथा घातला. "फोटोत लेबल दिसेना, म्हणून वरचे हिमकण जायची वाट बघत थांबले. टेबलावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. उठले तेव्हा सगळं पाणी झालेलं. कसाबसा फोटो काढला आणि घाबरून तशाच आत ढकलल्या."

"आणि याचं नाव निघत होतं तेव्हा?"

"खरं सांगायचं त्राणच नव्हतं."

दाढीवाल्याने बाईंच्या हातातली कुपी घेतली, डब्यात नीट उभी ठेवली, फ्रीझर बंद केला. मग आपली किल्ली टेबलावर ठेवली आणि कुणाकडेही न बघता निघून गेला.