चिमटा मातीच्या वर

"दार! अहो, दार लावा आधी!"

ती ओरडली, आणि आत शिरलेल्या माणसाने घाबरून दार लावलं खरं – पण आतून!

आता आली का पंचाईत! ती खोली म्हणजे रोपवाटिकेचा गाभाराच. कलम केलेली कोवळी रोपं तिथे आठवडाभर ओलसर धुक्यात, अंधारात ठेवायची, जोडावरची जखम भरून येईपर्यंत. सगळे तिला 'बाळंतिणीची खोली' म्हणत. एकदा दार उघडलं, की धुकं पुन्हा दाटेपर्यंत दहा मिनिटं कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. नियम तिनेच घातलेला. मोडणार कसा?

"मला... ऑफिसात जायचं होतं," तो म्हणाला. चष्मा असा धुरकटला होता, की तो बिचारा भिंतीवरच्या पाइपाशी बोलत होता.

"मी इकडे आहे."

"हो का... बरं." त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. मग काही कारण नसताना पुन्हा काढून पुसायला घेतला.

"दहा मिनिटं थांबावं लागेल."

"थांबतो ना!" हे तो इतक्या चटकन म्हणाला, की तिला हसू आवरेना.

त्याच्या हातात बाटली होती. त्याच्या विहिरीचं पाणी. तिने थेंबभर जिभेला लावलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"हे पाणी आहे, की समुद्राचा धाकटा भाऊ?"

"धाकटा कसला... जुळा म्हणा!"

मग दहा मिनिटांत त्याने सगळं सांगून टाकलं. शहरातलं वायरमनचं काम सोडून तो खाडीकाठच्या घरच्या जमिनीवर परत आला होता. दोन वर्षं टोमॅटो लावले, दोन्ही वर्षं पानांच्या कडा करपून झाडं मान टाकून बसली. यंदाही तेच झालं, तर दादा जमीन कोळंबीच्या तळ्यांना देणार होता. आणि हा पुन्हा शहरात, तारा ओढायला.

तिने ट्रेमधलं एक रोप अलगद उचललं. "हे बघा. खाली रानवांगं, वर टोमॅटोचा शेंडा. दोघांना तिरका छेद द्यायचा, छेदाला छेद टेकवायचा आणि वर हा चिमटा." चिमटा नखाएवढा, रबरी. "वांग्याची मुळं मिठाला दारातच अडवतात. वर टोमॅटो सुखात."

"म्हणजे टोमॅटो घरजावई!"

ती खळखळून हसली. दहाची वीस मिनिटं कधी झाली, दोघांनाही कळलं नाही. शेवटी बाहेरून मावशींनी दार ठोठावलं. या मावशी रोपवाटिकेत सगळ्यांत जुन्या, आणि जिभेने सगळ्यांत तिखट. "बाहेर या की आता! एव्हाना रोपांच्या जखमा भरल्या असतील!"

त्याची सहाशे रोपं तयार व्हायला महिना लागणार होता. पण तो दर चार दिवसांनी हजर. रोपं बघायला म्हणून.

"रोपं बघायला आलेला माणूस रोपांकडे बघतो, बाई," मावशी म्हणाल्या.

"मावशी, गप्प बसा हं!"

तिचे वडील, अप्पा, टेबलावर वाकून छेद घेत असायचे. ते मान वर न करता एवढंच म्हणाले, "जोडणारा तो वरचा. आपण नुसते चिमटे लावणारे." आणि लेकीचे कान लाल झाले.

रोपं न्यायचा दिवस आला. टेम्पो भरला. पाणी किती, सावली किती, ती भराभरा सांगत होती. तो ऐकत होता... चष्मा पुसत.

"आणखी काही?"

"आणखी..." ती क्षणभर हरवली. "जपून न्या."

विसाव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला. "कडा करपायला लागल्यात. तुमचा दोष नाही हो... आमचं नशीबच खारट. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी दादा येतोय. शेवटचं बघायला."

तिने फोन ठेवला आणि तडक स्कूटर काढली.

शेतात ती पहिल्याच रोपाशी उकिडवी बसली. चिमटा दिसेना. बोटाने माती उकरली. दोन बोटं खाली चिमटा सापडला, आणि त्याच्या वर, टोमॅटोच्या खोडाला, पांढरीशुभ्र केसासारखी मुळं. घरजावयाने स्वतःची चूल मांडली होती! वांग्याला बाजूला सारून तो आपल्याच तोंडाने खारं पाणी पीत होता.

"एवढं खोल कुणी लावलं?"

"मीच. आजोबांनी शिकवलेलं... टोमॅटो गळ्यापर्यंत पुरायचा, म्हणजे मुळं वाढतात." त्याचा चेहरा उतरला. "माझं चुकलं का?"

साध्या रोपाला आजोबांचं बरोबरच होतं. कलमाला मात्र ते विष. 'चिमटा मातीच्या वर' हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन-तीनदा बजावायची. आता नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं?

तिला कळणार होतं.

"तुमचं नाही, माझं चुकलं. हे सांगायचंच राहिलं."

"इतक्या गडबडीत राहतं कधीकधी..."

"गडबड नव्हती." ती मातीकडे बघत म्हणाली. "तुम्ही चष्मा पुसत होतात. मी... बघत राहिले. जगाला सांगते, आणि नेमकं तुम्हालाच नाही सांगितलं."

तिच्याकडे न बघता तो रोपाशी वाकला. मग म्हणाला, "ही मुळं कशी काढायची, दाखवा."

बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि मावशीही आले. चौघांनी चमच्यांनी माती मागे ओढली, ब्लेडने एकेक चुकार मूळ छाटलं. सहाशे रोपं, दोन दिवस. तो वाफ्याच्या त्या टोकाला, ती या टोकाला. तिसऱ्या दिवशी रोपं अशी मलूल झाली, की तिने मनोमन देवाला हात जोडले. रोपांसाठी की स्वतःसाठी, ते त्यालाच ठाऊक.

ठरल्या रविवारी दादा आला. वाफ्यांतून मागे हात बांधून फिरला. जुनी पानं करपलेलीच होती, पण शेंड्यांना नवी पालवी होती, हिरवीगार, कडा शाबूत. दादा एका झाडाशी वाकला. त्याला पिवळं फूल आलं होतं.

"तळेवाल्यांना नाही म्हणून कळवतो," तो उठत म्हणाला. "हा हंगाम घे तुझा." आणि विहिरीकडे निघून गेला.

आता दोघंच उरले.

"रागावलात ना माझ्यावर?" तिने विचारलं.

"रागावलो नव्हतो. लाज वाटत होती."

"कसली?"

"त्या दिवशी तुम्ही ती सूचना दिली असती, तरी काही उपयोग नव्हता." तो खाली बघत म्हणाला. "तुमचं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पाणी किती द्यायचं, ते मी घरी जाऊन मावशींना फोन करून विचारलं."

"काय! आणि मावशी काही बोलल्या नाहीत?"

"हसल्या खूप."

तिलाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "मग आता कसं करायचं? तुमच्या डोक्यात काही राहत नाही..."

"इथेच राहून रोज सांगत जा."

"रोज?"

"रोज. आयुष्यभर." तो थांबला. "माती ओढताना अप्पांना विचारलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला काय विचारतोस, तिला विचार."

तिने नुसता हात पुढे केला, आणि त्याने तो दोन्ही हातांत घेतला.

"अहो... मातीने भरलाय."

"माझेही भरलेत," तो म्हणाला, आणि त्याने हात सोडला नाही.