सहा फूट वजा पाच फूट

सहा फुटांतून पाच फूट वजा केले, की आठ मिलिमीटर उरतात. हे उत्तर शाळेत लिहिणाऱ्यास शून्य गुण मिळतात. चंद्रावरच्या रेल्वे संग्रहालयात मात्र याच उत्तराने शाल्मलीचा डबा वाचला.

संग्रहालयात स्पेन आणि पोर्तुगाल या शेजारी देशांचे जुने रूळ खोक्यांतून आले होते. दोन्ही जोडून एकच मार्ग करायचा आणि त्यावर शाल्मलीने वर्षभर खपून बांधलेला डबा धावायचा, असे ठरले होते. पण कागदपत्रे तपासणाऱ्या ‘मापाड्या’ या यंत्रमानवाने हरकत घेतली. स्पेनचे गेज (दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर) सहा फूट, पोर्तुगालचे पाच. सबब डबा मोडीत काढावा. समितीने यावर तीन बैठका घेतल्या. हातात पट्टी मात्र एकाही सदस्याने घेतली नाही.

शाल्मली रडवेली होऊन विभामावशीकडे गेली. मावशी मापनशास्त्रज्ञ (मोजण्याच्या पद्धतींचा अभ्यास करणारी) होती. तिने सांत्वन केले नाही. टेबल वितीने मोजायला लावले. शाल्मलीच्या सहा विती भरल्या, मावशीच्या पाच.

“टेबल आखडलं वाटतं,” मावशी म्हणाली.

शाल्मली हसली, मग थबकली. “म्हणजे त्या दोघांचा फूटही एकसारखा नव्हता?”

नव्हताच. पूर्वी राज्याराज्याचा फूट निराळा असे, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटे. स्पेनमधला तो फूट २७८.६ मिलिमीटरचा, पोर्तुगालचा ३३२.८ चा. शाल्मलीने गुणाकार केले : सहा आखूड फूट म्हणजे सुमारे १६७२, पाच लांब फूट म्हणजे १६६४. मापाड्याने दोन्हीकडे इंग्रजी फूट, ३०४.८ मिलिमीटरचा, धरला होता.

खोकी उघडली, मोजली. फरक आठ मिलिमीटर.

“चाकं मधोमध, १६६८ ला बसवली तर?” शाल्मलीने विचारले.

त्या दोन देशांनीही पुढे हेच माप ठरवले, असे मावशीने सांगितले. चार मिलिमीटर याने सोडले, चार त्याने धरले.

“माझी वजाबाकी अचूक होती,” मापाड्या म्हणाला.

“होती रे बाबा,” मावशी म्हणाली. “फूट कोणाचा, एवढंच विचारायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी डबा दोन्ही रुळांच्या जोडावरून सहज पार झाला. समितीने टाळ्या वाजवल्या आणि श्रेयही घेतले. त्याच सायंकाळी मंगळावरून नव्या मार्गाचा आराखडा आला : ‘लांबी नऊ हजार पावले.’

मापाड्याने हिशेब सुरू केला नाही. त्याने उलट संदेश पाठवला, “कोणाची?”