अर्धा घाव

सांडोरच्या आमच्या घरात २००२ साली कॉम्प्युटर आला तो माझ्या कामासाठी, पण त्यावर हक्क गाजवला पप्पांनी. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. केळीच्या वाडीत जाता येईना, घरात बसवेना, आणि मम्मीच्या स्वयंपाकात सारखं नाक खुपसणं चाललेलं. शेवटी मी त्यांना तलवारबाजीचा एक खेळ लावून दिला.

खेळात एक योद्धा असतो. राक्षस मारले की गुण मिळतात, ते त्याच्या ताकदीत घालायचे किंवा कौशल्यात. खेळणारा कितीही चलाख असो, योद्धा कच्चा असेल तर वार फुकट जातो. पप्पा सगळे गुण ताकदीत घालत.

"थोडे कौशल्यात घाला ना. नुसता बैल करून ठेवलाय त्याला."

"कौशल्य माझ्याकडे आहे रे," ते म्हणाले. "ताकदच गेलीय."

त्यांना एकच ध्यास होता. आगेऱ्याला, नव्या पिकाच्या सणाला, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, न्यायचा केळीचा लोंगर, अख्खा घड, स्वतः उतरवायचा. त्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. खोडाला अर्धाच घाव, डावा पाय मागे, आणि थांबायचं. केळ आपणहून वाकते, लोंगर अलगद खांद्यावर येतो.

पावसाळाभर ते खेळले. हळूहळू उजव्या बोटांत जीव आला. डॉक्टर म्हणाले, व्यायामाचं फळ. मम्मी म्हणाली, तिच्या नोव्हेनाचं, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं. मला डॉक्टरांचं पटलं.

एका दुपारी मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. योद्ध्याने राक्षसाला अर्धाच घाव घातला, डावा पाय मागे घेतला आणि थांबला. राक्षस वाकत वाकत त्याच्या खांद्यावर आला.

मला हसू फुटलं. मग दिसलं, पप्पा एकच बटण दाबत होते.

मी माऊस घेतला. मला जन्मात कोयता धड धरता आलेला नाही, पण माझ्या हातूनही योद्ध्याने तोच घाव घातला. कौशल्यापुढे अजून शून्यच होतं.

"पप्पा, ह्याला हे कुणी शिकवलं?"

"शिकला आपला आपण," ते कौतुकाने म्हणाले. "तुला इतकी वर्षं सांगतोय, तू शिकलास?"

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाडीत गेलो. पप्पांनी उजव्या हातात कोयता घेतला. मूठ पक्की होती. मला भरून आलं.

ते केळीपुढे उभे राहिले.

"मारा ना घाव."

त्यांनी कोयत्याकडे पाहिलं, मग केळीकडे. "कुठे मारायचा?"

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. "अर्धाच मारायचा, मग पाय मागे. तुम्हीच तर सांगता."

"कोणता पाय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा टणक लागला.

ते हिरमुसले नाहीत, चिडले नाहीत. कोयता छातीशी धरून, गुडघे किंचित वाकवून नुसते उभे राहिले. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर, एका लयीत.

कुणी बटण दाबेपर्यंत खेळातला योद्धा असाच उभा असतो.